रीफ टाकीतली वाळू एका जागी का राहत नाही

जिवंत प्रवाळ पाळायची चार फुटी खाऱ्या पाण्याची रीफ टाकी, पाणी फिरवणारे दोन पंप (वेव्हमेकर) आणि तळाला पिठीसाखरेसारखी बारीक पांढरी वाळू. रात्री सगळं झकास दिसतं. सकाळी उजव्या कोपऱ्यात तळाची काच उघडी पडलेली असते, पुढच्या काचेपाशी वाळूचा उंचवटा झालेला असतो आणि खाली ठेवलेल्या प्रवाळावर रेतीची भुकटी बसलेली असते. बहुतेकजण लगेच पंप मंद करतात. वाळू शांत होते खरी, पण काही आठवड्यांत दगडांमागे गाळ साठतो, लाल-तपकिरी शेवाळाचा पापुद्रा धरतो आणि प्रवाळ फिके पडू लागतात. मग पंप पुन्हा वाढवायचा आणि वाळू पुन्हा उडवून घ्यायची.

टाकीत एकूण किती पाणी फिरतंय, याच्याशी वाळूला काही देणंघेणं नसतं. तिला कळतो तो अंगावरून जाणाऱ्या पाण्याचा वेग. हे नीट वापरता आलं तर पंप जोरात आणि वाळू जागेवर, दोन्ही जमतं. निदान बऱ्याच अंशी.

एवढा प्रवाह हवाच कशाला?

प्रवाळ चालत जाऊन खात नाही. अन्न, ऑक्सिजन, कॅल्शियम हे सगळं पाण्यानेच त्याच्या दारात आणायचं आणि कचरा पाण्यानेच न्यायचा. पण प्रवाळाच्या त्वचेला चिकटून पाण्याचा एक पातळ, जवळजवळ थांबलेला थर असतो, मिलिमीटरभर किंवा त्याहूनही कमी जाडीचा. त्यातून वायू आणि क्षार नुसते झिरपतात. बाहेरचा वेग वाढला की हा थर पातळ होतो आणि देवाणघेवाण सुधारते. दिवसा प्रवाळाच्या आतलं शैवाल भरपूर ऑक्सिजन तयार करतं. तो वेळेवर बाहेर पडला नाही तर प्रवाळालाच त्रास होतो.

छंदातले ठोकताळे असे: सॉफ्ट कोरलसाठी (मऊ प्रवाळ) टाकीतल्या पाण्याच्या १० ते २० पट प्रवाह दर तासाला, एलपीएससाठी (मोठ्या पॉलिपचे कठीण प्रवाळ) २० ते ३० पट, एसपीएससाठी (बारीक पॉलिपचे कठीण प्रवाळ) ४० ते ६० पट. १२० × ४५ सेंमीच्या टाकीत ४५ सेंमी पाणी धरलं तर २४३ लिटर होतात. दगड-वाळू वजा जाता खरं पाणी २१० लिटरच्या आसपास. ४० पट म्हणजे ताशी ८४०० लिटर. ताशी ५००० ते ६००० लिटरचे दोन पंप ७०-८० टक्क्यांवर चालवले की तेवढं मिळतं. संपमधून (टाकीखालच्या गाळणीच्या टाकीतून) परत येणारा प्रवाह, म्हणजे रिटर्न, यात धरू नका. त्याचं काम गाळणीपर्यंत पाणी नेण्याचं, त्याला ३ ते ५ पट पुरतात.

एकच आकडा, दोन वेगळे झोत

खोक्यावर ‘ताशी ४००० लिटर’ लिहिलेले दोन पंप घ्या. एक जुन्या घाटाचा पॉवरहेड (टाकीत बुडवून लावायचा पंप), २ सेंमी व्यासाच्या नळीतून पाणी फेकणारा. दुसरा प्रोपेलरवाला, तोंड ८ सेंमी. ताशी ४००० लिटर म्हणजे सेकंदाला १.१ लिटर. तेवढं पाणी २ सेंमीच्या तोंडातून काढायचं तर वेग सेकंदाला सुमारे ३५० सेंमी येतो. ८ सेंमीच्या तोंडातून तेच पाणी २२ सेंमी वेगाने बाहेर पडतं. एकाच आकड्यात सोळापट फरक.

पुढे जाताना झोत आजूबाजूचं पाणी ओढून घेतो आणि मंदावतो, तरी ६० सेंमी गेल्यावर अरुंद झोताच्या मध्याशी वेग सेकंदाला ७० सेंमीच्या वरच असतो, रुंद झोताच्या मध्याशी १८ च्या आसपास. पहिला झोत वाळू खणतो, प्रवाळाचं मांस सोलून काढतो. दुसरा नुसती टाकी हलवतो. म्हणून पैसे कमी असतील तर एक ताकदवान अरुंद पंप घेण्यापेक्षा दोन मध्यम, रुंद तोंडाचे घ्यावेत. कंट्रोलरवाले डीसी पंप आता जेबाओसारख्या स्वस्त ब्रँडमध्येही मिळतात, त्यामुळे वेग कमी-जास्त न करता येणारा एसी पंप नव्याने घेण्यात अर्थ राहिलेला नाही.

दाणा केवढा?

बाजारातली अ‍ॅरागोनाइट (चुनखडीची) वाळू साधारण चार जाडीत येते: पिठीसाखरेसारखी ऊलाइट (सुमारे ०.२ ते १ मिमी), मध्यम (०.५ ते १.५ मिमी), भरड (१ ते २ मिमी) आणि प्रवाळाचा चुरा (२ ते ५ मिमी). वाळूपासून अर्ध्या वितीच्या उंचीवर पाण्याचा वेग सेकंदाला ३० सेंमीच्या आसपास गेला की अर्ध्या मिलिमीटरचा दाणा लोळू लागतो. दीड मिलिमीटरच्या दाण्याला त्यासाठी ५० च्या आसपास वेग लागतो. पाण्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणून दाणा चौपट मोठा केला तरी सहन होणारा वेग जेमतेम दुप्पट होतो. वाळू बदलल्याने फरक पडतो, पण चुकीच्या जागी लावलेला पंप त्याने माफ होत नाही.

एसपीएसची टाकी ५० पटीवर चालवायची आणि तळाला ऊलाइटही हवी, हा हट्ट म्हणजे समुद्रातल्या दोन जागा एका काचेत मागणं आहे. लक्षद्वीपमध्ये बहुतेक बेटं रीफच्या पूर्व कडेवर आहेत आणि पश्चिमेला लगून, म्हणजे रीफच्या आतलं उथळ, शांत पाणी. पावसाळी लाटा बाहेरच्या कड्यावर फुटतात, तिथं बारीक वाळू टिकत नाही. ती कड्यामागच्या शांत पाण्यात जाऊन बसते. कडा हवा असेल तर तळाला १ ते २ मिमीची भरड वाळू घाला, किंवा वाळू घालूच नका. उघड्या तळाची टाकी अनेकांना ओकीबोकी वाटते, पण गाळ सायफनने काढायला तिच्याइतकी सोपी टाकी नाही.

किनाऱ्यावरची वाळू पिशवीत भरून आणायचा विचार सोडा. रत्नागिरीच्या बाजूच्या काळसर वाळूत मॅग्नेटाइट आणि इल्मेनाइट ही लोहयुक्त खनिजं असतात. मॅग्नेटाइटचे कण काच पुसायच्या चुंबकाला चिकटतात, मग पुसताना काचेवर कायमच्या रेघा उठतात. पंपाच्या रोटरलाही ते धरतात. आपल्या समुद्रातून जिवंत प्रवाळ आणणं तर सरळ गुन्हा आहे: खडक बांधणारी प्रवाळं वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या अनुसूची १ मध्ये आहेत.

किती वाळू लागेल? १२० × ४५ सेंमी तळावर ३ सेंमीचा थर म्हणजे १६ लिटर, वजनात साधारण २४ किलो. उथळ थरासाठी २.५ ते ४ सेंमी पुरे. कोरडी वाळू बादलीत आठ-दहा पाणी बदलून, वरचं पाणी नितळ दिसेपर्यंत धुवा आणि शेवटचं पाणी आरओचं घ्या. पाकिटातली ओली ‘लाइव्ह’ वाळू नळाखाली धरू नका, क्लोरीनने त्यातले जिवाणू मरतात.

पंप कुठे लावायचा

मोकळ्या पाण्यात झोत दर ५ सेंमी पुढे जाताना सगळीकडे साधारण १ सेंमी पसरतो. म्हणजे ८ सेंमी तोंडाचा पंप वाळूपासून १५ सेंमी उंचीवर आडवा लावला, तर त्याची खालची कड ५०-५५ सेंमीवरच वाळूला टेकते. तोच पंप ३० सेंमी उंचीवर नेला तर ती १३० सेंमीवर टेकली असती, आणि तेवढी आपली टाकीच नाही. ४५ सेंमी पाण्यात आणि ३ सेंमी वाळूवर पंपाचा मध्य पृष्ठभागाच्या १०-१२ सेंमी खाली ठेवला की हे आपोआप जुळतं. आणखी वर नेलात तर भोवरा होऊन पंप हवा ओढतो आणि टाकीभर बारीक बुडबुडे होतात. तोंड किंचित वर करा, पृष्ठभाग नुसता थरथरला पाहिजे. हवेतून ऑक्सिजन तिथूनच येतो.

झोत वाळूच्या किंवा काचेच्या अगदी जवळून गेला तर त्या बाजूला ओढला जाऊन चिकटून वाहू लागतो. ‘पंप तर सरळच आहे, मग वाळू का उडते?’ या प्रश्नाचं उत्तर बऱ्याचदा हेच असतं.

समोरासमोर लावलेल्या दोन पंपांची गंमत वेगळी. दोन सारखे झोत नेमके एकमेकांवर आदळले की पाणी थाळीसारखं चहूबाजूंना फाकतं, त्यातलं काही सरळ खाली. टाकीच्या बरोबर मधोमध वाटीसारखा खड्डा पडला असेल तर कारण शोधायला लांब जायला नको. एका पंपाचं तोंड वळवून झोत १०-१५ सेंमी पुढे-मागे चुकवा, किंवा दोन्ही आळीपाळीने चालवा.

कोपऱ्यातल्या उघड्या काचेचं कारणही याच जातीचं. समोरच्या काचेवर काटकोनात आदळलेला झोत फुटतो आणि काचेवरून खाली घसरतो. तो तिरका, काचेला घासत जाईल असा वळवला, किंवा वाटेत उंच दगड येऊ दिला की खड्डा थांबतो.

मॅक्सस्पेक्ट कंपनीच्या जायरसारखे पंप पाण्याची रुंद, चपटी चादर पृष्ठभागालगत फेकतात. ती चादर पलीकडच्या काचेवरून खाली उतरते आणि तळावरून उलट परत येते. वाळूवरून वाहणारं पाणी अशा वेळी पंपाच्या दिशेने येत असतं. त्यामुळे पलीकडचं टोक उघडं पडतं आणि पंपाखाली ढीग साचतो, जे नवख्याला अगदी उलटं वाटतं. दोन टोकांना दोन पंप लावून काही तासांनी पाळी बदलली की जितकी वाळू गेली, त्यातली बरीचशी परत येते.

वाळू स्वतःच सांगते

वाळूवर लहरी उमटल्या असतील तर काचेला नाक लावून बघा. लहरीची एक बाजू लांब आणि सौम्य उताराची, दुसरी आखूड आणि तीव्र असेल तर पाणी सौम्य बाजूकडून तीव्र बाजूकडे वाहतंय. दोन्ही बाजू सारख्या असतील तर पाणी तिथं पुढे-मागे हलतंय, म्हणजे पंपाचा लाटांचा मोड (ठोक्याठोक्याने चालण्याची सेटिंग) तळापर्यंत पोचतोय. तळावर लहरीच नाहीत आणि तपकिरी पापुद्रा आहे, तर तो कोपरा मेलेला आहे, तिथं पाणी पोचत नाही.

आणखी नेमकं हवं असेल तर अ‍ॅक्रिलिकच्या काडीच्या टोकाला ८-१० सेंमी लाल लोकरीचा धागा बांधा आणि तो वाळूपासून बोटभर वर धरून टाकीभर फिरवा. धागा आडवा ताठ झाला की तिथं जोर आहे, नुसता डुलला की ठीक, लोंबकळला की मेलेला कोपरा. आकडाच हवा तर बाहेरच्या काचेवर ३० सेंमीची पट्टी चिकटवा, थोडी आर्टेमिया (माशांना खायला घालायची बारीक कोळंबी) सोडा आणि मोबाइलवर स्लो मोशन घ्या. अर्ध्या वितीच्या उंचीवरून एका सेकंदात पट्टी पार झाली तर बारीक वाळू तिथं थांबणार नाही.

दगडांच्या पायथ्याशी

तारकर्लीला लाट परतताना उभं राहिलं की टाचेखालची वाळू सरकते आणि माणूस मागे कलतो. प्रवाहात उभ्या असलेल्या कुठल्याही अडथळ्याच्या पायाशी पाणी खाली वळून नालाच्या आकाराचा भोवरा करतं आणि बुंधा खणतं. टाकीतला दगड वाळूवर ठेवला असेल तर तोही असाच कलतो, फक्त त्याच्यापुढे काच असते. म्हणून आधी दगड थेट तळाच्या काचेवर, किंवा २० मिमी पीव्हीसी पाइपच्या तुकड्यांवर पक्के बसवायचे आणि वाळू नंतर ओतायची. पिस्तूल कोळंबी किंवा बिळं करणारा गोबी मासा पाळायचा असेल तर हे बंधनकारकच समजा.

दगड आणि वाळू यांच्यात दोन-तीन सेंमीची चिंचोळी फट सोडू नका. तीतून पाणी नळीतून गेल्यासारखं वेग घेतं. फट एकतर बुजवा, नाहीतर सात-आठ सेंमी मोकळी ठेवा.

नेहमी खणल्या जाणाऱ्या जागेवर सगळ्यांत स्वस्त उपाय म्हणजे १ ते ३ सेंमी आकाराचे प्रवाळाचे तुकडे पसरणं. नदीच्या पात्रात बारीक रेती वाहून जाते आणि गोट्यांचा थर खालच्या रेतीला चिलखतासारखा झाकतो, तोच प्रकार. खड्डा आधी भरा, वर दोन तुकड्यांच्या जाडीचा थर द्या. दिसायलाही ते वाईट नाही.

खड्डा भरताना पंप बंद करा. एक इंची पीव्हीसी पाइपचं खालचं टोक तळाला टेकवा, धुतलेली ओली वाळू वरून थोडी थोडी सोडा आणि पाइप हळूहळू उचला. पाणी ढवळत नाही. एका वेळी सेंटिमीटरभरच भर घाला, खालच्या जीवांना गुदमरवू नका. उलट, साचलेला ढीग ८-१० सेंमी झाला असेल आणि आत काळी रेघ दिसत असेल तर तो पसरवायचा नाही. आत ऑक्सिजन नसतो, सडक्या अंड्याचा वास येणारा हायड्रोजन सल्फाइड तयार झालेला असू शकतो आणि तो माशांना मारतो. असा ढीग सायफनने बाहेर काढायचा, एका आठवड्याला थोडा.

सुरुवात, आणि नंतर हळूच बिघडणाऱ्या गोष्टी

नवी वाळू निव्वळ सुटे दाणे असते. काही आठवड्यांत जिवाणू आणि सूक्ष्म शैवाल दाण्यांवर चिकट थर धरतात आणि तीच वाळू जास्त जोर सहन करू लागते. म्हणून पहिल्या दिवशी पंप ३० टक्क्यांवर ठेवा, आठवड्याला पाच-पाच टक्के वाढवा. एखाद्या आठवड्यात कोपरा उघडा पडला तर मागचा आकडा पकडून आधी पंपाची दिशा सुधारा, मग पुढे जा. वाळूचा थर दर आठवड्याला पूर्ण उपसणाऱ्यांची वाळू कधीच बसत नाही, कारण ते हा गोंदच धुऊन काढतात. तळाचा चौथा भाग एका वेळी, एवढंच.

पंप साफ केल्यावर उठणारं वाळूचं वादळ तर हमखास. सहा महिन्यांत प्रोपेलरवर जांभळं कोरलाइन शेवाळ आणि चुना चढतो, प्रवाह हळूहळू पडतो आणि आपण नकळत टक्के वाढवत जातो. मग एक दिवस लिटरभर कोमट पाण्यात ५० ग्रॅम सायट्रिक अ‍ॅसिड घालून पंप तासभर चालवला, स्वच्छ धुऊन परत त्याच ८० टक्क्यांवर लावला की तळ उडालाच. सफाईनंतर आकडा १५-२० टक्क्यांनी उतरवून पुन्हा जुळवावा. दोन पंप असतील तर एकाच दिवशी दोन्ही साफ करू नयेत.

लाटांच्या मोडला मर्यादा ठेवा. चार फुटी टाकीत ४५ सेंमी पाण्याचा स्वतःचा झोका सुमारे १.३ ते १.४ सेकंदांचा असतो. पंपाची धडधड त्याला जुळली की अख्खं पाणी पाळण्यासारखं हेलकावतं. बघायला भारी, पण वाळूवर लहरींची शेतं उठतात आणि काचेच्या सिलिकॉन जोडांवर व स्टँडवर सतत ताण येतो. हलक्या स्टँडवरची टाकी असेल तर ठोका १.४ सेकंदांपासून लांबच ठेवा.

प्रवाळ वाढतात हेही लक्षात घ्या. वर्षभरापूर्वी झोत ज्या मोकळ्या जागेतून जायचा तिथं आता ताटाएवढं माँटीपोरा प्रवाळ असतं आणि त्याच्या खालच्या अंगावरून पाणी सरळ वाळूवर उतरतं. पंप हलवलेला नसताना अचानक नवा खड्डा पडला तर आधी वर बघा.

कधी दोष पाण्याचा नसतोच. व्हॅलेन्सिएनिया जातीचे गोबी दिवसभर तोंडात वाळू भरतात, चाळतात आणि दीड वीत उंचीवरून कल्ल्यांतून सोडतात. खालच्या प्रवाळांवर रोज रेती पडते ती त्यांची. पंप कितीही फिरवला तरी ती थांबणार नाही, प्रवाळ वर हलवावे लागतात. हॅलिकोरिस रास (wrasse) मासे मात्र रात्री वाळूत शिरून झोपतात, त्यांना बारीक वाळूचा पाचेक सेंमी थर लागतो. चुरा घातलात तर बिचाऱ्यांचं अंग खरचटतं.

वीज जाऊन आल्यावर काय होतं ते पंप विकत घेतल्या दिवशीच बघून घ्या. प्लग काढा, मिनिटभराने लावा. काही कंट्रोलर जुना आकडा लक्षात ठेवतात, काही थेट १०० टक्क्यांवर सुरू होतात. दुसऱ्या प्रकारचा असेल तर रात्रीच्या लोडशेडिंगनंतर सकाळी काय दिसेल ते वेगळं सांगायला नको. अशा पंपाची दिशा १०० टक्क्यांवरच वाळू न उडवणारी लावून ठेवायची आणि रोजचा आकडा त्याच्या खाली ठेवायचा.